कट्टी, बट्टी आणि क्रिकेट

गेल्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी शेजारच्या मुलाशी कट्टी घेतली. कारण काय, तर अंगणातल्या मॅचमध्ये हार! त्याची आई आणि मी एकमेकींना विरजण देतोय-घेतोय आणि पोरं मात्र तोंड फिरवून बसलेली. शेवटी पोळ्या लाटता लाटता मी त्याला भारत-पाकिस्तान कसोटी सामन्यांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते, घरी उपयोगी पडेल.

पहिला सामना १९५२ साली दिल्लीला झाला. विनू मंकडनी १३ बळी घेतले नि आपण डावानं जिंकलो. पुढच्याच सामन्यात, लखनौला, फझल महमूदनं १२ बळी घेऊन आपल्याला डावानं हरवलं! मालिका मात्र आपण २-१ अशी जिंकली. गंमत म्हणजे त्यांचे कप्तान कारदार १९४६ मध्ये भारताकडूनच इंग्लंडमध्ये खेळले होते. एका घरातली भावंडं वेगळी राहायला गेल्यासारखंच की हो ते!

पुढच्या दोन मालिकांत १० सामने झाले आणि दहाही अनिर्णित! हरण्याची धास्ती एवढी, की जिंकायचंच राहून गेलं. मग १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली. तब्बल १७ वर्षं कट्टी! १९७८ मध्ये ती सुटली.

मला स्वतःला आठवतो तो १९९९ च्या जानेवारीतला रविवार. चेन्नईचा सामना, जिंकायला २७१ हव्या होत्या. पाठ दुखत असताना सचिननं १३६ केल्या. तो बाद झाला तेव्हा फक्त १७ हव्या होत्या, आणि आपण १२ धावांनी हरलो. मी रडायलाच लागले. बाबा म्हणाले, "अगं, टीव्ही बंद करू नकोस, बघ." पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी मारत होते आणि सारं चेन्नई उभं राहून टाळ्या वाजवत होतं!

डिसेंबर २००७ मधल्या बंगळूरच्या सामन्यानंतर दोघांत कसोटीच झालेली नाही. पुढच्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला. एकूण ५९ सामने: त्यांनी १२ जिंकले, आपण ९, बाकी ३८ अनिर्णित. माझ्या १० वर्षांच्या मुलानं त्यातला एकही पाहिलेला नाही. मोठ्यांच्या भांडणांची कारणंही मोठी, ती पोळपाटाशी बसून सुटायची नाहीत. पण हरल्यावरही समोरच्याला टाळी देता येते, एवढं तर आपण घरात शिकवू शकतो ना?

चिरंजीव काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र विरजणाची वाटी परत द्यायला आपणहून निघाले. रिकामी वाटी कशी द्यायची, म्हणून मी तीत दोन लाडू ठेवले. तासाभरानं पाहते तर वाटी कट्ट्यावर, लाडू फस्त आणि अंगणात मॅच सुरू!