आधी ऐका, मग मत द्या!

आपल्या मंडळाचा कुठलाही कार्यक्रम सुरू होताना सूत्रसंचालक या भूमीच्या मूळ मालकांना वंदन करणारी चार वाक्यं इंग्रजीतून वाचतो. आपण शांतपणे ऐकतो. मध्यंतरात जेवणाच्या रांगेत त्याच लोकांचा विषय निघाला की मात्र सूर बदलतो. "सरकार सगळं फुकट देतं, पुरुष दिवसभर दारू पितात आणि घरी जाऊन बायकांना मारतात. त्यांची संस्कृतीच तशी!" हे बोलणारे अडाणी नसतात. डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात, आणि आमच्या आयटीतले तर पुष्कळ. शेजारी ताट घेऊन उभी असलेली आपली मुलं हे सगळं ऐकत असतात.

मला या मताशी उघड भांडायचं आहे.

प्रश्नच नाही, असं मी म्हणत नाही. कौटुंबिक हिंसेमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांचं प्रमाण इतर स्त्रियांच्या तिसाहून अधिक पट आहे, असं ‘ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ अँड वेल्फेअर’ची आकडेवारी सांगते. २०१६ साली मार्सिया लँग्टन आणि जसिंता प्राइस या अ‍ॅबोरिजिनल समाजातल्याच स्त्रियांनी कॅनबेराच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये उभं राहून हे दुखणं साऱ्या देशापुढे मांडलं. राजकारणात या दोघींचं पुढे अजिबात पटलं नाही, पण गप्प बसायचं नाही यावर त्यांचं एकमत होतं. तेव्हा झाकपाक करण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न आहे उपायाचा. "टाका तुरुंगात" हा आपला आवडता उपाय. तो इथे भरपूर वापरून झाला आहे. देशाच्या लोकसंख्येत जेमतेम चार टक्के असलेले हे लोक तुरुंगातल्या कैद्यांमध्ये मात्र एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. तुरुंगानेच हिंसा थांबणार असती तर ती केव्हाच थांबायला हवी होती. मारणारा हात अडवायला पोलीस हवेतच, यात वाद नाही. पण शिक्षा संपल्यावर तो माणूस त्याच घरी परत येतो. तो बदलून यावा यासाठी कोण काय करतं?

दुसरा उपाय म्हणजे वरून फर्मान काढणं. २००७ साली नॉर्दर्न टेरिटरीतल्या मुलांवरच्या अत्याचारांबद्दल रेक्स वाइल्ड आणि पॅट अँडरसन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांची पहिलीच शिफारस होती की, जे काही कराल ते या लोकांशी मनापासून सल्लामसलत करून करा. हॉवर्ड सरकारने आठवड्याभरात ‘इंटरव्हेन्शन’ जाहीर केलं. लष्कर पाठवलं, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला, सरकारी मदतीतला अर्धा पैसा कशावर खर्च करायचा तेही ठरवून टाकलं. वस्त्यांच्या वेशीवर दारू आणि अश्लील चित्रफितींवरच्या बंदीचे मोठमोठे फलक लागले. निरपराध बापाच्या, आजोबाच्या माथीही तोच शिक्का बसला. आमच्या धंद्यात वापरणाऱ्याला न विचारता बनवलेलं सॉफ्टवेअर धूळ खात पडतं. इथे तर माणसांचा प्रश्न होता.

आता जे आपल्या कानावर कधीच येत नाही ते सांगतो. इंटरव्हेन्शननंतर वर्षभराने, जुलै २००८ मध्ये, अ‍ॅलिस स्प्रिंग्सजवळ रॉस रिव्हर इथे शेकडो अ‍ॅबोरिजिनल पुरुष जमले. पुरुषांनी दिलेल्या दुःखाबद्दल त्यांनी आपल्या बायका, आया, बहिणी आणि मुलांची जाहीर माफी मागितली. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, डार्विनचे क्रीडा समालोचक चार्ली किंग यांनी ‘नो मोअर’ मोहीम सुरू केली. फुटबॉलच्या सामन्याआधी दोन्ही संघांचे खेळाडू हातात हात गुंफून उभे राहतात आणि हिंसेविरुद्धचा आपला निर्धार सर्वांसमक्ष दाखवतात. पुरुष जिथे आपणहून जमतात तिथेच जाऊन बोलायचं, ही किंग यांची साधी युक्ती.

आमच्या मेलबर्नमध्ये अ‍ॅलन थॉर्प यांनी २००० साली सुरू केलेली ‘दार्दी मनवरो’ ही संस्था आहे. तिच्या निवासी केंद्रात पुरुष काही महिने राहतात. आपल्याच समाजातल्या जाणत्यांपुढे बसून रागाबद्दल, व्यसनाबद्दल, आपण केलेल्या मारहाणीबद्दल बोलतात. आपल्या बालपणाबद्दलही बोलतात. सरकारी धोरणाने १९७० च्या दशकापर्यंत अ‍ॅबोरिजिनल मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत ठेवलं होतं. ज्याने बाप पाहिलाच नाही त्याने बाप कसं व्हायचं, हे कोण शिकवणार? मात्र ही कारणं झाली, सबब नव्हे. हा फरक तिथे स्पष्टपणे सांगितला जातो.

"मग तो पैसा बायकांच्या निवाऱ्यांना का देऊ नये?" ही शंका रास्त आहे. निवारे आधी हवेतच. पण एरवी मार खाल्लेली बाईच मुलांना घेऊन, शाळा सोडवून, घराबाहेर पडते. इथे घर सोडतो तो पुरुष. अ‍ॅलिस स्प्रिंग्समध्ये टँगेन्टियर कौन्सिलच्या पुरुषांसाठीच्या उपक्रमात त्याच्या बायकोशी वेगळा संपर्क ठेवणारी कार्यकर्ती असते. तो सुधारला का, याचा दाखला त्याच्या गोड बोलण्यावर मिळत नाही. ज्यांना निव्वळ हिशोब कळतो त्यांच्यासाठी तोही आहे. डेलॉइटने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत दार्दी मनवरोवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे दीड ते सुमारे तीन डॉलरचा फायदा दिसला.

राहिला संस्कृतीचा मुद्दा. कित्येक अ‍ॅबोरिजिनल स्त्रियांना मारणारे जोडीदार अ‍ॅबोरिजिनल नसतात, त्यांची कोणती संस्कृती म्हणायची? आणि अख्ख्या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने तेच केलं, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का आपल्या मनातून अजून गेला नाही.

आपलं घर तरी किती स्वच्छ आहे? व्हिक्टोरियाने २०१९ पासून हुंड्यासाठीचा छळ कौटुंबिक हिंसेच्या कायद्यात नाव घेऊन घातला. तो कोणाच्या घरांमुळे घालावा लागला, हे तुम्ही आम्ही जाणतो. तेव्हा कोणी "भारतीयांची संस्कृतीच तशी" म्हटलं तर आपल्याला मिरच्या झोंबतील. पुरुषांशी बोलून हिंसा रोखण्याचं काम मुंबईत ‘मावा’ ही संस्था १९९३ पासून करते आहे. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आपण कौतुक करतो, तेच काम अ‍ॅबोरिजिनल पुरुषांनी केलं तर ते आपल्याला दिसत का नाही?

सरकार आणि अ‍ॅबोरिजिनल संघटना यांच्या २०२० च्या करारात स्त्रिया आणि मुलांवरची ही हिंसा २०३१ पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. वेळ थोडा आहे. आपण या देशाचे नागरिक आहोत, कर भरतो, मत देतो. तेव्हा निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवाराला विचारा की, अशा संस्थांना एकेका वर्षाऐवजी पाच-दहा वर्षांचा पक्का निधी देणार का? मंडळानेही एका कार्यक्रमाला असं काम करणाऱ्या पुरुषांना मानधन देऊन बोलवावं आणि दोन तास निव्वळ ऐकावं. श्रोत्यांत पहिल्या रांगेत आपले पुरुष बसावेत. त्यातलं निम्मं बोलणं आपल्यालाही लागू पडेल.