आमचे उद्योग : कॉफी उकळू नये!

वाचकहो, ज्यांना बीअर वर्ज्य आहे त्यांनी हे पान निदान कॉफीसाठी तरी वाचावे. बाकीच्यांनी मन लावून वाचावे, कारण पाच गॅलन बीअर सिंकमध्ये ओतून आम्ही हे ज्ञान मिळवले आहे.

घरी बीअर करणे हा इथे चोरीचा मामला नाही. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरत्या बीअरवरचा केंद्रीय कर माफ झाला. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा, विकायची मात्र नाही. उरलेली मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्येही २०१३ मध्ये पंगतीला येऊन बसली.

तर आम्ही स्टाउट करायला घेतली. तिच्यात भाजलेले जव असतात, म्हणून मुळातच कॉफीची झाक असते. ती आणखी वाढवावी असे आमच्या डोक्यात आले. आम्ही पडलो इंजिनिअर! माल्टचा काढा तासभर उकळतोच, त्यातच पाव किलो कॉफी पावडर टाकली की अर्क उत्तम उतरेल, असा हिशेब केला. महिन्याभराने बाटली उघडली. सौ.ने एक घोट घेतला आणि म्हणाली, "खोकला झाला की द्या हं मला." कडू, तुरट, आणि वर फेसाचा पत्ता नाही.

आम्ही बेसमेंटमध्ये बाटल्या रित्या करत होतो, तेव्हा चिरंजीव जिन्यात येऊन उभे राहिले. वय बावीस, कॉलेज संपवून घरी आलेले, नोकरी नाही. "आज किती अर्ज केलेस?" "बाबा, प्लीज." एवढेच आमचे रोजचे संभाषण. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "बाबा, कॉफी उकळायची नसते. सगळा कडवटपणा बाहेर येतो."

कॉलेजात असताना दोन वर्षे तो एका कॉफीच्या दुकानात काम करत होता. पुण्याच्या फोनवर ही गोष्ट आम्ही कधी कुणाला सांगितली नव्हती.

पुढच्या वेळी कॉफीचे खाते त्याच्याकडे दिले. ११५ ग्रॅम कॉफी त्याने जाडसर दळली, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात भिजवली आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. भांडी आधी निर्जंतुक केलेली. सकाळी गाळून घेतली. बीअर पूर्ण आंबून झाली होती, बाटल्या भरायचा दिवस होता. त्याने चार ग्लासांत १००-१०० मिलिलिटर बीअर घेतली, त्यांत २, ३, ५ आणि ८ मिलिलिटर कॉफी घातली आणि कोणती कुठली ते न सांगता आमच्यापुढे ठेवली. आम्हाला ३ ची आवडली. एकोणीस लिटरला ५७० मिलिलिटर. हा गुणाकार तेवढा आम्ही केला!

दोन महिन्यांत संपवावी, असे तो बजावतो. कॉफीचा वास लवकर उडतो, कधी कधी हिरव्या सिमला मिरचीसारखा वासही येऊ लागतो.

अर्जांचे आम्ही त्या दिवशी विचारले नाही. बाटल्यांना बुचे लावता लावता त्यानेच सांगितले: सत्तेचाळीस केले, तीन ठिकाणांहून उत्तर आले. आम्ही ऐकून घेतले.

रविवारी पुण्याला फोन केला, तेव्हा कॉफीच्या दुकानाचेही सांगून टाकले. आई म्हणाली, "मग इकडे आला की त्यालाच करू दे कॉफी."