चित्रांचें लिप्यंतर

जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल अद्याप सांपडतात. कागद शाबूत असतो, शाई ठळक असते; परंतु वाचणारा न उरल्यामुळें पणजोबांचें हस्ताक्षर घरांत असूनहि मुकें राहतें. वस्तु केवळ सांभाळून ठेविल्यानें तिचें जतन पुरें होत नाहीं. पुढील पिढीस ती वाचतां आली पाहिजे. छायाचित्रांच्या बाबतींत हाच प्रश्न आज आपल्या कुटुंबांपुढें उभा आहे.

नातवाची मुंज होते. थोरल्या चिरंजीवांच्या आयफोनवर शेंकडों छायाचित्रें निघतात आणि धाकट्यांच्या संगणकावर त्यांतलें एकहि उघडत नाहीं. पाठविण्यांत चूक झाली कीं यंत्र बिघडलें, यावर घरांत वाद सुरू होतो. वस्तुतः चूक कोणाचीच नसते. लिपि तेवढी निराळी असते.

चित्रांची बाळबोध म्हणजे ‘जेपेग’. ती १९९२ सालीं प्रमाण ठरली. तींत चित्राचे आडव्या ८ व उभ्या ८, अशा ६४ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांस न जाणवणारा बारीक तपशील गाळला जातो. यामागील गणित नासिर अहमद, नटराजन व राव यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें; पैकीं अहमद हे मूळचे बंगळूरचे. पुढें २०१७ सालीं अॅपल कंपनीनें आयफोनसाठीं ‘एचईआयसी’ ही नवी लिपि स्वीकारली. तींत तेंच चित्र सुमारें निम्म्या जागेंत मावतें. पण तिच्यांतील संक्षेपाच्या पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंटचे हक्क आहेत. त्यामुळें प्रत्येक यंत्रास ती उपजत वाचतां येत नाहीं. विंडोजच्या पुष्कळ संगणकांवर त्यासाठीं निराळी पुरवणी बसवावी लागते.

उपाय सोपा आहे. यापुढील छायाचित्रें जेपेगमध्येंच निघावीं अशी इच्छा असल्यास आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘कॅमेरा’ व त्यांत ‘फॉर्मॅट्स’ उघडून ‘मोस्ट कंपॅटिबल’ हा पर्याय निवडावा. आधीं निघालेलीं छायाचित्रें मॅक संगणकावर ‘प्रीव्ह्यू’मध्यें उघडून ‘एक्स्पोर्ट’ करतांना ‘जेपेग’ निवडलें कीं रूपांतर होतें. कित्येक जण मात्र फाइलच्या नांवाचें शेपूट बदलून तेथें ‘जेपीजी’ लिहितात. तें व्यर्थ होय. पोथीचें वेष्टन बदलल्यानें आंतील अक्षर बदलत नाहीं.

या सोयीची किंमतहि जाणून असावें. जेपेग करतांना गळालेला तपशील परत येत नाहीं, आणि तीच प्रत दुरुस्त करून पुनःपुन्हा साठविली, तर दर वेळीं आणखी थोडें गळतें. म्हणून रूपांतर नेहमीं मूळ चित्रावरूनच करावें. फुकट रूपांतर करून देणारीं संकेतस्थळेंहि पुष्कळ आहेत. परंतु लेकीसुनांचीं चित्रें किंवा आधार कार्डासारखे कागद अनोळखी ठिकाणीं चढविणें शहाणपणाचें नव्हे.

प्रत्येक घरांत कोणी एकानें हें काम आपल्याकडे घ्यावें. मूळ संच एका ठिकाणीं व जेपेगचा संच दुसऱ्या ठिकाणीं ठेवावा, आणि वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुटींत, दोन्ही उघडून पाहावे. मोडी पत्राची बाळबोध प्रत तयार झाली म्हणून कोणी मूळ पत्र चुलींत घालीत नाहीं. प्रत आज वाचण्यासाठीं असते. उद्यां लिपि पुन्हा बदलली, तर नवी प्रत त्या मुळावरूनच करावी लागेल.