‘स्वशिक्षित’ या विशेषणाविरुद्ध

कलामहाविद्यालयात न गेलेल्या कुणी टॅरो पत्त्यांचा स्वतःचा संच रेखाटला, रंगवला, की त्याची दखल ठरावीक दोन प्रकारे घेतली जाते. एक पक्ष भविष्यकथनाचा बाजार म्हणून नाक मुरडतो; दुसरा ‘स्वशिक्षित असूनही किती छान!’ म्हणून पाठ थोपटतो. आमच्या मते दुसरा पक्ष अधिक घातक आहे. पहिला निदान वाद तरी घालतो. दुसरा चित्राकडे पाहतच नाही.

पहिल्या पक्षाला उत्तर सोपे आहे. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणून जन्मला. त्यावरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकातली. भाकितावर आमचाही विश्वास नाही. पण ७८ पानांत माणसाचे जगणे मांडण्याची कल्पना त्यामुळे टाकाऊ ठरत नाही.

दुसऱ्या पक्षाला उत्तर माणदेशातच आहे. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) शिकवताना आपण कधी ‘स्वशिक्षित लेखक’ म्हणतो का? मग चित्रकारालाच हे विशेषण का चिकटवायचे? ते कौतुक नव्हे, परीक्षणातून दिलेली सूट आहे. आणि सूट देणे म्हणजे गंभीरपणे न घेणे.

सूट काढून घेतली की खरा प्रश्न उरतो तो मौलिकतेचा. १९०९ साली ए. ई. वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी संच चितारला. तोवरच्या बहुतेक संचांत अंकांच्या पानांवर पेले, तलवारी नुसत्या मोजून मांडलेल्या असत. स्मिथ यांनी तिथे प्रसंग उभे केले. (संच मात्र प्रकाशक रायडर आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला!) आज अनेक ‘नवे’ संच त्याच रचना गिरवतात; टोपीच्या जागी मुंडासे येते, इतकेच. हा वेशांतराचा प्रकार झाला, निर्मितीचा नव्हे.

निर्मिती कशी होते हे सावंतवाडीच्या गंजिफा दाखवतात. मोगल गंजिफांत आठ रंग, ९६ पाने. दशावतारी गंजिफांत दहा रंग, १२० पाने. बाहेरून आलेल्या खेळाला इथे नुसता पोशाख चढवला नाही, त्याची मांडणीच बदलली. आणि ही कला पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती चिताऱ्यांच्या घरांत, कोणत्याही प्रमाणपत्रावाचून.

माणमध्ये संच रंगवू पाहणाऱ्याकडून आमची अपेक्षा हीच आहे. टॅरोत पेला म्हणजे भावना. पर्जन्यछायेतल्या, टँकरची वाट पाहिलेल्या गावात भरलेल्या पेल्याचा अर्थ तोच राहील काय? तलवारीच्या जागी ऊसतोडीचा कोयता आला, नाण्याच्या जागी मुकादमाकडून घेतलेली उचल आली, तर चारही रंगांचे परस्परसंबंध नव्याने जुळवावे लागतील. हे काम हाताचे तितकेच बुद्धीचे आहे. ते कुणी केले, तर साहित्याच्या वर्गात त्याची चिकित्सा व्हावी: कठोर, तपशीलवार, बरोबरीच्या नात्याने. पाठ थोपटणे आता पुरे.