मुलगी पाहणें

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत आमच्या कोयनानगरांत एका घरीं मुलगी पाहावयास मंडळी आली होती. शेजारधर्म म्हणून मीहि बैठकीस होतों. मुलीनें पोहे आणून दिले, नांव सांगितलें, शिक्षण सांगितलें. मग वरपक्षाकडील एका वृद्ध बाईंनीं तिला चार पावलें चालावयास लाविलें व वेणी किती लांब आहे तें निरखून पाहिलें. आठ दिवसांनीं निरोप आला : मुलगी सुशील आहे, पण रंगानें उणी आहे. मुलाचे केस ऐन पंचविशींत विरळ झाले होते. तें सर्वांस दिसत होतें. परंतु त्याबद्दल कोणीं चकार शब्द काढिला नाहीं. मींहि नाहीं.

मुलाची चौकशी होते ती त्याच्या नोकरीची, शेताची, घराची. मुलीचें रूप मात्र तिच्या विद्येच्या व स्वभावाच्याहि वर चढून बसतें, आणि त्यांतील उणेपणा पैशानें भरून मागितला जातो.

हा समज केवळ अडाणी घरांतच आहे असें पालकांनीं मानूं नये. आपल्या राज्याच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हुंड्याच्या कारणांमध्यें मुलीची कुरूपता व अपंगत्व हींहि गणिलीं होतीं. अशा मुलीचें लग्न जमणें कठीण, म्हणून वरपक्ष अधिक हुंडा मागतो, असा त्यांतील आशय. २०१७ सालीं हें उजेडांत आलें तेव्हां मोठा गहजब झाला. कोणी म्हणेल, समाजांत जें घडतें तेंच पुस्तकानें नोंदिलें. ठीक, पण मागणारा कोण? हुंडा मागणें हा १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. मागणाराचा लोभ सोडून पुस्तकानें मुलीचा चेहरा कारण म्हणून लिहिला. तो धडा वर्गांत मोठ्यानें वाचला जात असतां एखाद्या सांवळ्या मुलीनें कोठें पाहावें?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून, स्त्रियांच्या माथीं मारलेले दोष पुरुषांत नाहींत काय, असें रोखठोक विचारिलें होतें. त्यानंतर जवळजवळ शतकानें, १९७५ सालीं, ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम बाजारांत आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलें खरें. आमच्याकडील बायका अजून तें जुन्याच नांवानें मागतात!

पाहुणे घरीं आले म्हणजे त्यांचा मान राखावा हें मलाहि मान्य आहे. परंतु मुलीस चालून दाखविण्यास सांगितलें जातांच यजमानानें तेथेंच हात जोडून नाहीं म्हणावें. स्थळ गेलें तर जावो. यजमानास तें जड जात असेल, तर शेजाऱ्यानें म्हणावें.

ती मुलगी सध्यां कराडास नोकरी करिते. परवां मोटारीच्या थांब्यावर भेटली, तेव्हां त्या बाई तुला असें बोलावयास नको होत्या, म्हणून मीं हळहळ व्यक्त केली. ती म्हणाली, “काका, तुम्ही तेव्हां तिथेंच बसलां होतां ना?”