अष्टावधानी लेखकाचे डोके

पावसाळ्यात बंद असलेल्या मांडव्याच्या लाँच सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत दिवाळी अंकांच्या मुदती डोक्यावर येतात. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून रो-रो आली, त्याच वर्षी घरून काम करायची सवय लागली, आणि अलिबाग तालुक्यात राहून मुंबईचे लिखाणकाम करणारी मंडळी वाढली. गेटवेपर्यंतचा तासभर अनेकांच्या मांडीवर लॅपटॉप उघडा असतो. त्यात एका खिडकीत आठवड्याचे सदर, दुसरीत जाहिरातीचा मजकूर, तिसरीत मालिकेचे संवाद आणि मध्येच संपादकांचा फोन: "कथा कुठवर आली?" अशा माणसाला आपण कौतुकाने अष्टावधानी म्हणतो.

हाच माणूस काही महिन्यांनी डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा मात्र घाबरलेला असतो. नावे आठवत नाहीत, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, परवा एका लेखातला परिच्छेद दुसऱ्यातच गेला. चाळिशीतच विस्मरणाचा आजार लागला की काय?

बहुतेक वेळा तसे नसते. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासावे, झोप विचारावी, मन उदास आहे का हे आडवळण न घेता विचारावे. यांपैकी काही सापडले तर त्यावर उपचार आहेत. काहीच निघाले नाही, तर दिवसाचा हिशेब मागावा. अनेकदा दुखणे तिथे सापडते. गोष्ट विसरायची झाली तर ती आधी मनात नीट शिरलेली असावी लागते. या लेखकाच्या बाबतीत ती शिरतच नाही, कारण त्या क्षणी लक्ष दुसरीकडे असते.

विचार करावा लागतो अशी दोन कामे मेंदू सहसा एकाच वेळी करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि प्रत्येक उडीला वेळ लागतो. रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की काम जितके गुंतागुंतीचे, तितकी ही उडी महाग पडते. अपवाद आहेत, पण थोडे. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० जणांना आभासी गाडी चालवता चालवता फोनवर स्मरणशक्तीची कोडी सोडवायला लावली. दोन्ही कामांत काडीचाही फरक पडला नाही असे लोक फक्त अडीच टक्के, म्हणजे पाच निघाले. आपण त्या पाचांतले आहोत असे प्रत्येकाला वाटते, हा भाग वेगळा.

लेखकासाठी याहून महत्त्वाचे काम सोफी लेरॉय यांचे आहे. पहिले काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, आणि दुसरे काम बिघडते, असे त्यांनी २००९ मध्ये मांडले. भांड्याच्या तळाला खरवड राहावी तसे हे आहे. त्यावर दुसरा पदार्थ शिजवला तर त्याला पहिल्याचा वास येणारच. परिच्छेद भलत्याच लेखात जातो तो असा.

मग अष्टावधान ही निव्वळ थाप का? नाही. ही कला तेलुगू आणि कन्नड मुलखांत आजही सभेत सादर होते. तिच्याकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर गंमत कळते. श्लोक मागणारे पृच्छक समोर बसलेले असतात. अवधानी एकाला एक चरण देतो, मग पुढच्याकडे वळतो; फेऱ्या पूर्ण झाल्या की श्लोक पूर्ण होतात. मध्येच भलतेसलते प्रश्न विचारून त्याचे लक्ष उडवण्यासाठी तर एक माणूस मुद्दाम नेमलेला असतो. लेखकाच्या खिशातला फोन हाच माणूस. पण अवधानी चरणाच्या शेवटी थांबतो, आणि कोणाचा कितवा चरण बाकी आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. शिवाय यामागे वर्षांची साधना असते. आपण शब्द घेतला, साधना तिकडेच ठेवली.

आपल्याकडच्या जुन्या संपादकांनाही हे उमजले असावे. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात 'मराठा' आणि 'केसरी' दोन दिवसांच्या अंतराने सुरू झाले. एक इंग्रजी, दुसरे मराठी. एक रविवारी, दुसरे मंगळवारी. सुरुवातीला 'केसरी' आगरकरांकडे होता आणि 'मराठा' टिळकांकडे. पत्रे दोन होती, तसे वारही दोन होते आणि जबाबदार माणसेही दोन. आजचा लेखक चार पत्रांचे काम एकट्याने, एकाच दुपारी, एकाच पडद्यावर करू पाहतो.

मांडव्याहून अलिबागकडे जाताना चोंढीला आत वळले की किहीम. १९३० च्या सुमारास सलीम अली तिथे राहत होते, हाताला नोकरी नव्हती. त्यांनी सुगरणीच्या घरट्यांसमोर महिनोन् महिने बैठक मारली. घरटे विणतो तो नर. तो ते निम्मे विणून थांबतो. माद्या येऊन पाहतात. एखादीने पसंत केले की उरलेले पुरे करतो आणि मगच पुढच्या घरट्याला हात घालतो. जिथे थांबायचे ती जागा ठरलेली, म्हणून एकाच हंगामात त्याचे दोन-तीन संसार निभतात.

लेखकालाही हे जमते. लेरॉय आणि ग्लोम्ब यांनी २०१८ मध्ये तपासलेला उपाय फुकट आहे: काम सोडण्याआधी मिनिटभर घेऊन, कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिले काय करायचे, एवढे लिहून ठेवायचे. असे करणाऱ्यांचे लक्ष पुढच्या कामात अधिक टिकले. परिच्छेद संपवून उठावे. सदराला एक वार द्यावा, कथेला सकाळ द्यावी आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. झोप सात तासांच्या खाली आणू नये. मुदत गाठायला रात्र जागली की दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तीनदा लिहावे लागते. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते. बाम चोळत वर्ष काढू नये, हात दाखवावा.

लेखकाला निदान एखादे काम नाकारता येते. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला ती सोय नाही. एकाच गरोदर बाईची नोंद ती वहीत करते आणि पुन्हा मोबाइलवरही, आणि मध्येच लसीकरणाला उठते. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे निरीक्षण झाले, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे औषधाच्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. तिथे परिच्छेद नाही, डोस चुकतो. तरी चूक झाली की नोटीस सेविकेला जाते. व्यत्यय कोणी आणला हे त्या नोटिशीत नसते.

दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा एक करून पाहावे. मुदतीची तारीख कळवतानाच लेखकाला विचारावे, "त्याच आठवड्यात आणखी कोणाचे आहे?" आणि असेल तर दहा दिवस पुढे सरकावे.