गव्हाची असली तरी ती दारूच



पावसाळा लागला की माळशेज घाटाच्या पायथ्याला, वैशाखऱ्याच्या बाजूला, आपल्या समाजातली तरुण मंडळीही फार्महाऊसवर जातात. धबधबे बघावेत, भिजावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता तिथे घरच्या घरी गव्हाची बिअर करायचा शौक निघाला आहे. नात्यातल्या एका मुलाने मला कौतुकाने सांगितलं, "काकी, प्युअर व्हेज आहे. गहू, धणे, संत्र्याची साल, आणि प्रयोग म्हणून थोडा गूळ." शेजारी बसलेली त्याची आई हसली. मला राग आला तो त्या हसण्याचा.

शाकाहारी असलं की जैनांना चाललं, हे कोणी ठरवलं? ही बिअर होते कशी ते बघा. आधी धान्य भिजवून त्याला मोड आणतात आणि मग ते भट्टीत वाळवतात. हे झालं माल्ट. ते भरडून साधारण 65 अंश गरम पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिठुळ भागाची साखर होते. ते गोड पाणी हॉप्स घालून उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट ती साखर खातं, कोट्यवधींनी वाढतं, आणि त्यातून अल्कोहोल आणि गॅस तयार होतो. गव्हाच्या जर्मन बिअरचं नावच 'हेफेवाइझेन'. हेफे म्हणजे यीस्ट, वाइझेन म्हणजे गहू. ती गाळत नाहीत, यीस्टसकट पितात.

आता आठवा, अष्टमूलगुणांत पहिला त्याग कशाचा? मद्याचा. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात त्याची कारणं दिली आहेत. मद्याने मन मोहात पडतं आणि धर्माचा विसर पडतो, हे एक. मद्य हे रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांचं जन्मस्थान आहे, हे दुसरं. यीस्ट जिवंत असतं हे लुई पाश्चरने दाखवलं ते 19व्या शतकात. "पाचच टक्के असतं" हे उत्तर फार तर पहिल्या कारणाला लागू पडेल. दुसऱ्याचं काय?

मुलं विचारतात, "मग दही, इडली, पाव कसा चालतो?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आपल्याकडे दह्याला वेळेची मर्यादा आहे, आणि कित्येक घरांत रात्रभर आंबवलेलं पीठ आणि पाव वर्ज्य आहे. पाव खटकत असेल तर पाव सोडा. पाव खातो म्हणून बिअर पितो, हा कुठला न्याय?

आणि कायदा? महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, बिअरसुद्धा. मुरबाड-शहापूरच्या एखाद्या पाड्यावर हातभट्टी सापडली, पोलिसांनी पिंपं फोडली, की आपण "बरं झालं" म्हणतो. तिथे निदान पोटाचा प्रश्न असतो. आपल्या मुलाने फार्महाऊसवर पिंप भरलं की त्याचं नाव 'क्राफ्ट', आणि फोटो ग्रुपवर!

मी कॉमर्सची, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. सुनेच्या डब्यात बटाटा निघाला तर आपण घर डोक्यावर घेतो, आणि मुलाच्या हातात बिअर दिसली तर "आजकाल चालतं" म्हणतो. बटाटा सोडल्याचं जमेला धरून बिअरचं नावे खोडता येत नाही. नियम सुनेला एक आणि मुलाला दुसरा असेल, तर तो धर्म नाही, सोय आहे.

महाराष्ट्रात कित्येक गावांतल्या बायकांनी मतदान करून दारूच्या दुकानाची बाटली आडवी केली आहे. आपल्याला तर मतदानही लागत नाही. चातुर्मास लागायच्या आधी मुलाला समोर बसवा, माल्ट म्हणजे काय, यीस्ट म्हणजे काय ते सांगा आणि मद्यत्यागाचा नियम घ्यायला सांगा. आणि स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं मागायला आला, तर देऊ नका. हसून तर मुळीच देऊ नका.

जय जिनेंद्र.